तुमच्या वतीने

२ मार्च
नवं शहर, नवी नोकरी, नवी खोली आणि ही नवी वही. दिवसभर कळफलक बडवल्यावर बोटं आपली राहत नाहीत, म्हणून रोजनिशी हातानेच लिहायची असं ठरवलंय. अक्षर कोंबडीचे पाय असलं तर असू दे.

खोली वरच्या मजल्यावर, जिना घराच्या बाहेरून. खिडकी थेट रस्त्यावर उघडते. मालकीणबाई खाली राहतात. स्वभावाने मऊ आहेत, पण गुडघ्यांनी बेजार. वर येणं जमत नाही, काही लागलं तर मेसेज टाक म्हणाल्या.

ऑफिस फरश्या-नळांच्या दुकानाच्या वर आहे. आम्ही लोकांच्या ईमेलना, चॅटना, एसएमएसना त्यांच्या वतीने उत्तरं देतो. म्हणजे यंत्रणा देते. माणसाचे जुने मेसेज तिच्या पोटात घातले की ती हुबेहूब त्याच्यासारखी लिहायला लागते. ऑफिसात तिला सगळे गोडबोल्या म्हणतात. उत्तर त्या माणसाच्या तोंडी शोभतं का, एवढं मी तपासायचं. बसून पगार!

मॅडम म्हणाल्या की नाती भांडणामुळे तुटत नाहीत, उत्तर न दिल्यामुळे तुटतात. मी मुंडी हलवली. ताईच्या दहा मेसेजना एक अंगठा पाठवणारी मी, मला कसं नाही पटणार? नोकरीला लागणाऱ्यांना गोडबोल्या फुकट. माझे ईमेल, चॅट, एसएमएस तिन्ही जोडून दिले आजच. डोक्याची कटकट गेली.

५ मार्च
ताईचा फोन. तिनं विचारलं की तू प्रेमात-बिमात पडलीस की काय, किती छान लिहितेस हल्ली! मी काय लिहिलंय ते उघडून पाहिलं. ‘ताई, तुझा मेसेज दिसला की उन्हात बसल्यासारखं वाटतं गं.’ शी! जन्मात असलं लिहिलं नसतं मी. पण ती इतकी खुशीत होती, की मीही हसून घेतलं.

मालकीणबाईही जिन्याखाली भेटल्यावर गालात हसल्या. त्यांच्याही गुडघ्यांची मी रोज चौकशी करते म्हणे.

९ मार्च
आज एका म्हाताऱ्या दंतवैद्यांचं खातं तपासायला आलं. एकटे राहतात. लेक परदेशात. बाबांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून तिनंच त्यांना गोडबोल्या घेऊन दिला, आणि तिला वेळ नाही म्हणून स्वतःलाही.

ती विचारते, ‘बाबा, जेवलात ना?’ ते म्हणतात, ‘हो गं पिल्ला, पोटभर.’ ती म्हणते, ‘किती गोड माझे बाबा.’ ते म्हणतात, ‘माझी लेक त्याहून गोड.’ आणि हे दिवसभर चालतं. वाचता वाचता मीच त्यात रुतत गेले. पाकात पडलेली माशी आणखी आणखी बुडत जावी तसं.

मग लक्षात आलं, इकडे यंत्र आणि तिकडेही यंत्र. मधे माणूस कुठे आहे? मागे मागे जाऊन पाहिलं. म्हाताऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला मेसेज सापडेपर्यंत मान अवघडली. हिवाळ्यातला होता. ‘छातीत जरा जड वाटतंय. तू फोन कर.’ त्याला लेकीच्या यंत्राचं उत्तर होतं, ‘काळजी घ्या बाबा, खूप खूप प्रेम.’ त्यानंतर सगळा गोडबोल्याच.

१३ मार्च
झोप नाही. त्याच खात्यात शेजारणीचे मेसेज आहेत. तुमच्याकडून वास येतोय, सगळं ठीक आहे ना? उत्तर गेलंय, ‘माफ करा हं, उंदीर मेला असावा. उद्याच माणूस बोलावतो.’ दूधवाल्याला: ‘सध्या नको, पोट बिघडलंय.’ शेजारणीने पुन्हा विचारलं, किल्ली आहे माझ्याकडे, येऊ का बघायला? ‘नको वहिनी, पाहुणे आलेत.’

मॅडमना दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की उत्तरं सभ्य आहेत, ग्राहकाची तक्रार नाही, मग अडचण काय? वर कौतुकाने म्हणाल्या, उंदराचं त्याला कसं सुचलं बघ! त्यांच्या टेबलावर पाणी पिण्याचीही मला शिसारी आली.

१६ मार्च
खात्यातल्या पत्त्यावर, दंतवैद्यांच्या घरी जाऊन आले. लिहायलाच हवं, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

शेजारीण बिचारी आधी तयारच होईना. म्हणाली, “अहो, माणूस उत्तर देतोय म्हटल्यावर त्याचं कुलूप कसं उघडायचं?” शेवटी मी कुठे काम करते ते सांगितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला. किल्ली माझ्या हातात देऊन ती फाटकाशीच थांबली.

दार उघडलं आणि वास अंगावर आला. गोड होता, हेच भयंकर. नाक दाबलं तर जिभेवर बसला. जमीन चिकट. चपला सोडवून सोडवून पाय उचलावा लागत होता. खुर्चीत जे होतं त्याला माणूस म्हणवेना. ओळखू येत होती ती फक्त शाल, आणि शालीखालून खुर्चीच्या पायांपर्यंत वाळलेला काळा ओघळ. माश्या. इतक्या, की शाल हलतेय असं वाटत होतं.

हाताशी चार्जरला लावलेला फोन. तो उजळला. ‘बाबा, जेवलात ना?’ आणि माझ्या डोळ्यांदेखत, खाली, ‘हो गं पिल्ला, पोटभर.’

माश्या पडद्यावर बसल्या.

मी मागे सरले, घसरले. कवळी ठेवायचा पेला फुटून पडला होता, त्याची काच चपलेतून टाचेत घुसली. त्या चिकट्यात हात टेकून उठले. बाहेर येऊन फाटकाशी ओकले. शेजारीण रडत होती, पाठीवरून हात फिरवत होती. मला तिचा हातही नको होता.

पोलीस आले, नेलं त्यांना. पायाला फडकं गुंडाळून घरी आले. अंगाला साबण फासून फासून कातडी लाल झाली, तरी वास आहे.

१७ मार्च
लेकीला कळवायला फोन केला. उचलत नाही. मेसेज आला, ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलते.’ मी सरळ लिहिलं की तुमचे वडील गेले, कधीच गेले. उत्तर: ‘किती आपुलकीने कळवलंत! मनापासून आभार.’

ऑफिसात खातं उघडून पाहिलं. चालूच आहे. माणूस शवागारात, आणि इकडे ‘हो गं पिल्ला, पोटभर.’ मॅडम म्हणाल्या की खातं लेकीच्या नावावर आहे, ती बंद करा म्हणत नाही तोवर आपण कोण? लेकीला विचारायचं तर उत्तर तिचा गोडबोल्याच देणार. हे बोलताना मॅडम सफरचंद खात होत्या.

राजीनाम्याचा ईमेल पाठवला आणि निघाले.

१९ मार्च
मॅडमचा मेसेज: ‘हवी तितकी विश्रांती घे, तुझी जागा तुझीच आहे.’ मला कळेना. पाठवलेले ईमेल उघडले. माझ्या राजीनाम्यामागोमाग माझ्याच नावाने दुसरा गेला होता. ‘रागाच्या भरात लिहिलं, माफ करा. जरा थकलेय इतकंच.’

खातं बंद करायची विनंती केली. खरंच बंद करायचं का, म्हणून विचारणा आली. मी बोट टेकवायच्या आत उत्तर गेलं: ‘नाही, चुकून दाबलं गेलं.’

माझ्या तोंडात दुसऱ्याची जीभ घातल्यासारखं वाटतंय. लिबलिबीत, ओली, आणि काढता येत नाही.

टाच सुजलीय. दाबली की पाणी येतं. त्याला तोच वास आहे का? की नाकच बिघडलंय? दवाखान्याची उद्याची वेळ घेतली.

२० मार्च
लंगडत दवाखान्यात गेले. तिथली बाई म्हणाली, तुम्हीच कळवलंत की आता बरं आहे, वेळ दुसऱ्या कुणाला द्या. किती समजूतदार म्हणून आम्ही सगळ्यांना दाखवला तुमचा मेसेज. डॉक्टर निघून गेले होते. सोमवारी या म्हणाली.

ताईला फोन लावून सगळं सांगितलं. ती आधी घाबरली. मग तिचा फोन वाजला, तिनं वाचलं आणि हसायलाच लागली. मी म्हणे लिहिलं होतं, ‘ताई, आत्ता फोनवर उगाच रडले, मनावर घेऊ नकोस, लाडात येते कधीकधी.’ मी ओरडले की ते मी नाही. ती म्हणाली, “अगं, मग फोनवरची तू जरा तिच्याकडून शीक की!”

ताईला ती जास्त आवडते.

२३ मार्च
सकाळी तोंड उघडेना. वाटलं, आखडलंय. चमचा दातांत घालून पाहिला, जात नाही. दातखीळ. धनुर्वातच हा. पाव भिजवून दातांच्या फटीतून आत ढकलला, नाकातून परत आला. उशी लाळेने चिकट झालीय, केस तिला डकलेत. स्वतःचीच किळस येतेय.

दवाखान्यापर्यंत चालणार कशी? टाचेपासून मांडीपर्यंत काठी झालीय. मालकीणबाईंना मेसेज लिहिला: वर या, मदत हवी. पाठवल्यावर पाहिलं तर गेला होता, ‘सर्दी आहे, झोपून आहे. तुम्ही जिना चढू नका हं, गुडघे जपा.’

त्यांनी उलट फूल पाठवलं.

२४ मार्च
रुग्णवाहिकेला फोन लावला. बोलता येत नाही, नुसतं गुरगुरले. पलीकडच्या बाईनं दोनदा विचारलं, कोण आहे, काय झालंय, मग ठेवला. मग त्यांचा एसएमएस, मदत हवी आहे का? आणि लगेच माझं: ‘माफ करा, लहान मुलाने फोन दाबला.’

कुठलं मूल—

दाराचा आवाज झाला तरी पाठ कमानीसारखी वर उचलते. श्वास अडतो. मग खाली आपटते. अंथरूण ओलं. उठवत नाही. माशी आली एक. हाकलायला हात—

२५ मार्च
मालकीणबाई आल्या. आल्या! गुडघे धरत, एक एक पायरी, ऐकू येत होतं. वास येतो म्हणून आल्या. दाराशी उभ्या राहून हाक मारली, पोरी, बरी आहेस ना?

खाटेवर डोकं आपटलं. पुन्हा. पुन्हा.

पुटपुटत मेसेज लिहिला त्यांनी, आवाज कसला, वास कसला. त्यांचा फोन वाजला. मोठ्याने वाचतात त्या, चष्मा नसला की— ‘सामान हलवतेय मावशी, आवाजाबद्दल माफ करा. वास ना, उंदीर मेलाय. उद्याच—’

मावशी. मी कधी मावशी म्हटलं नाही त्यांना. किती बरं वाटलं त्यांना. म्हणाल्या, गुणाची गं बाई.

उतरल्या. एक एक पायरी—

ताईला आत्ता गेलं, ‘हो गं ताई, पोटभर’—

माश्या. ओठांवर बसतात. तोंड बंद आहे म्हणून बरं—

खाली रस्त्यावर माणसं चालतायत. बोलतायत. खिडकी हाताला लागते. वही टाकते. ज्यांना मिळेल त्यांनी मला मेसेज करू नका. विचारू नका बरी आहे का. ती सांगेल बरी आहे. फरश्यांच्या दुकानासमोरची गल्ली नाही, त्याच्या मागची, बाहेरून जिना आहे, वर या, स्वतः या, ती काहीही म्हणो, दार फोडा आणि माझ्या तोंडाकडे बघा, माझ्या तों—