हेदरलीची गाडी

जुळे सोलापूर
४ डिसेंबर २०२४

प्रिय जोतीराम यास महबूबचा सलाम.

दगडाबाई वहिनींना नमस्कार सांग. हुसेनबीचे गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक आहे. इंग्लंडहून, लेकीकडून येऊन पंधरवडा झाला. फोनवर तू नुसतं 'बरं बरं' म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसलो. काम असं काही नाही.

परवा तुझी नात ऋतुजा घरी येऊन गेली. पोरगी बारीक झालीय. ते असो.

आफरीन राहते तो भाग लंडनच्या कडेला आहे, हेदरली नावाचा. मी समजत होतो, आभाळाला टेकलेल्या इमारती असतील. तर आपल्या जुळे सोलापूरसारखीच नोकरदारांची वसाहत की! लाल विटांची घरं, दोन-दोन घरं एका भिंतीला चिकटलेली, पुढं मूठभर बाग. सगळी इतकी सारखी, की एकदा शेजाऱ्याच्याच दाराला किल्ली लावत उभा होतो.

आफरीन नेहमी कळवायची, "अब्बा, मी ट्रान्सपोर्टमध्ये आहे." मला वाटायचं, टेबलाचं काम असेल. एका सकाळी जावई अल्तमश म्हणाला, "अब्बा, चला, आफरीनचं ऑफिस दाखवतो." आणि मला बसस्टॉपवर नेऊन उभं केलं. लाल दुमजली बस आली, दार उघडलं, आणि स्टेअरिंगवर आपली आफरीन! म्हणाली, "अब्बा, चढा लवकर, मागं गाड्या थांबल्यात."

जोतीराम, मी दांडा धरून चढलो. खालच्या मजल्यावर, पुढच्या सीटवर बसलो.

शेजारी काठी घेतलेली एक इंग्लिश म्हातारी होती. अल्तमशनं मी कोण ते सांगितलं, तर ती गाडीभर सांगत सुटली, "हे ड्रायव्हरचे वडील!" मग तिनं मला हेदरलीची सगळी कुंडली ऐकवली. ती बोलायची, अल्तमश मला समजावून सांगायचा. आधी इथं सफरचंदाच्या बागा आणि गाईंचे गोठे होते. रेल्वे आली, ठेकेदारानं बागा विकत घेतल्या आणि एका साच्यातली घरं ओळीनं काढली. लंडनच्या धुराला कंटाळलेले कारकून राहायला आले. महायुद्धात एका ओळीवर बॉम्ब पडला. पडलेली घरं पुन्हा बांधली, पण तिथल्या विटांचा रंग अजून वेगळा दिसतो. तिनं बोट करून दाखवलं. तिच्या लहानपणीच्या थिएटरात आता फर्निचर विकतात. कोपऱ्यावर गुजराती भाजीवाला, पलीकडं पोलंडच्या माणसाची बेकरी.

मी विचारलं, "इतकी बाहेरची माणसं आली, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

ती हसली. "माझे आजोबा इथं आले, तेव्हा बागवाले हेच म्हणायचे. बाहेरचे आले."

मी जुळे सोलापुरात प्लॉट घेतला तेव्हा कडेनं ज्वारी होती, आठवतंय? शेतवाल्यांनी आपल्याकडं कसं बघितलं होतं!

मग म्हातारी म्हणाली, लढाईत पुरुष गेले तेव्हा तिची आई याच रस्त्याच्या बसवर कंडक्टर होती. तुझ्याच खात्यातली बघ. लढाई संपली, पुरुष परतले, आणि आईला सांगितलं, आता घरी जा. तिला तर गाडी चालवायची होती. शेवटपर्यंत, बस गेली की ती खिडकीत येऊन उभी राहायची.

 तेवढ्यात रेल्वेचा पूल आला. कमान अरुंद, समोरून ट्रक, कडेनं शाळेची पोरं. माझा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागला. आफरीननं आधीच गाडी हळू केली होती. पोरांना जाऊ दिलं, ट्रकवाल्याला हात केला आणि कमानीतून अशी अलगद गाडी काढली, की म्हातारीची काठीसुद्धा हलली नाही. टेंभुर्णीच्या चौकात उसाच्या ट्रॅक्टरांतून मी आपली एसटी काढली की तू पाठ थोपटायचास. तिकडं पाठ थोपटायला गाडीत कंडक्टर नसतो. मग मीच शेवटच्या स्टॉपवर उठलो, तिच्या केबिनपाशी गेलो.

"बेटा, माझ्यापेक्षा साफ चालवतेस. इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही नको म्हणाला असता तर?"

तिचे डोळे भरले होते. माझी मान मात्र इतकी ताठ झाली होती, की उतरताना वरचा दांडा डोक्याला लागला.

आता ऋतुजाचं. तिनं मला लिहायला लावलं असं समजू नकोस. चहा घेतला, आणि बोलता बोलता रडायला लागली. मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं, परीक्षा पास झाली, एसटीचं ट्रेनिंगला बोलावणं आलं, आणि तू म्हणालास, पोरीच्या जातीनं गाडी हाकली तर करमाळ्यात तोंड कसं दाखवू? जोतीराम, तू तिचा आजा, मी परका. पण तुझा आणि माझा संसार त्या गाडीवर झाला. तिची लाज आपल्याला कशी रे वाटेल? हवं तर मी करमाळ्याला येतो आणि भर बाजारात सांगतो, माझी लेक बस चालवते.

माझ्यावर रागाव. पण पोरीला खिडकीत उभी करू नकोस.

तुझा ड्रायव्हर,
महबूब


करमाळा
२९ डिसेंबर

महबूबला जोतीरामचा राम राम.

तुजं पत्र आलं. लई राग आला. चार दिस पत्र तसंच फळीवर टाकून दिलं. मग दगडाबाईनं पत्र नातवाकडनं, पृथ्वीराजकडनं वाचून घेतलं आन मला म्हणली, "जलम गाडीवर काढला, आन आता गाडीचीच लाज व्हय?"

ऋतुजाला घिऊन एस्टीच्या ट्रेनिंगला मीच सोलापूरला आलतो. तुज्याकडं यायला जीव धजला न्हाय. मैदानावर ती गाडी मागं घेत हुती, शिकवणारे सायेब शेजारी बसलेले. मी तारंच्या कुंपनाभाईर हुबा. आन कसं कुणास ठावं, तू गाडी मागं घेताना मी वरडायचो तसंच माज्या तोंडातनं मोठ्यानं निघालं, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बास!"

समदी हसली की रं. पर तिनं गाडी बरुबर तितंच थांबवली.

हुसेनबी वहिनींना सांग, रईवारी आमी तिगं जेवायला येतो.

तुजा कंडक्टर,
जोतीराम