निळ्या शाईतल्या तीन ओळी

१० जून २००७, रविवार
खताच्या दुकानवाल्याने जानेवारीत दिलेली डायरी आजपासून सुरू. पाच महिने कोरे गेले. हरकत नाही, मुख्य काम पुढेच आहे.

संकल्प. बायको प्रेमिला हिच्या दवाखान्याच्या फाईलमधला प्रत्येक शब्द समजून घ्यायचा. अकरा कागद, सगळे इंग्रजीत. रोज पाच शब्द डिक्शनरीत बघायचे आणि वहीत साध्या मराठीत लिहायचे. २४ नोव्हेंबरला तिची बरसी. तिथी पुढे येते, पण मळणीच्या सोयीने तारखेनेच धरली आहे. त्या दिवशी वही दुर्गेश्वरीच्या हातात द्यायची.

तेरवीला पोरीने पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं होतं, बाबूजी, आईले आधी काऊन नाही नेलं? मी काही बोललो नाही. मी तसाही कमी बोलतो. तेव्हापासून ती तिरोड्याहून फोन करते, जेवलात का विचारते आणि ठेवून देते. तिला उत्तर मिळेल. लेखी मिळेल. तिची आई अचानक गेली, त्यात घरच्या माणसाच्या हातात काही नव्हतं, हे फाईलमध्ये कुठेतरी लिहिलेलं असणारच.

११ जून
फाईल माझ्याकडे कशी, ते लिहून ठेवतो. गोंदियाला भरती केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नागपूरला न्यायला सांगितलं आणि फाईल माझ्या हातात दिली, वहाँ के डॉक्टर को दे देना. भंडाऱ्याच्या अलीकडूनच गाडी परत वळवावी लागली. फाईल नंतर कोणी मागितली नाही.

गोरेगावच्या पोस्टात एकतीस वर्षं पोस्टमन आहे. माझ्या हातून पोचला नाही असा हा एकच कागद.

डॉक्टरांचं अक्षर वाईट असतं म्हणतात. ती अडचण मला नाही. जो पत्ता कोणाला लागत नाही तो टेबलावरून माझ्याकडेच सरकवतात.

१५ जून
पाचाऐवजी दोन शब्द. डोकं दुखत होतं. ऊन.

एडिमा म्हणजे सूज. पेडल एडिमा म्हणजे पायावरची सूज. सरळ सूज लिहायला काय झालं होतं यांना.

मागच्या वर्षी मे महिन्यात, दुर्गेश्वरीच्या लग्नाच्या आधी, प्रेमिलाच्या चपला मोच्याकडे नेऊन पट्टे सैल करून आणले होते. लग्नाच्या गडबडीतही मी त्यासाठी वेळ काढला होता. चपला नव्या होत्या. नव्या चपला घट्टच असतात.

२० जून
कागदावर जागोजागी सी/ओ लिहिलं आहे. पोस्टात सी/ओ म्हणजे द्वारा. त्या हिशेबाने 'द्वारा दम लागणे', 'द्वारा खोकला' असे पत्ते तयार झाले. चार दिवस गेले. आज कळलं की दवाखान्यात सी/ओ म्हणजे रोग्याची तक्रार.

पण प्रेमिलाने कधी तक्रार केली नाही. बत्तीस वर्षांत नाही. म्हणजे दवाखान्याची पहिली चूक सापडली.

२४ जून, रविवार
या डायरीत रविवारला अर्धंच पान असतं. मोजकं लिहितो.

फाईल सगळी काळ्या शाईत आहे. फक्त दुसऱ्या पानावर तीन ओळी निळ्या शाईत. त्या लागत नाहीत. पोस्टातलं भिंग लावून पाहिलं, तरी नाही. अर्थ सरळ आहे. लपवायचं असलं की माणूस असं लिहितो. दवाखान्याची मोठी चूक या तीन ओळींतच आहे.

मेडिकलवाला शालीकराम म्हणाला, दे इकडे, आमचा तर धंदाच हा आहे. मी म्हणालो, लागेल मला. तो म्हणाला, कवा लागेल गा, वर्ष होऊन राहिलं. सातच महिने झालेत. त्याला उगाच बोलायची सवय आहे.

३ जुलै
धानाच्या रोपांचा परहा उपटायला आला. रोवणीला बाया मिळत नाहीत. मागच्या वर्षीही मिळाल्या नव्हत्या, पण मागच्या वर्षी प्रेमिला होती.

शब्द तात्पुरते बंद. रोवणी झाली की रोज दहा.

१९ जुलै
शेजारचा केवलराम सोनोग्राफीचा कागद घेऊन आला. मी वही करतो आहे हे गावात पसरलं आहे. फॅटी लिव्हर म्हणजे कलेजीवर चरबी, असं साध्या भाषेत सांगितलं. केवलराम गावातला सर्वांत वाळका माणूस. संध्याकाळी पानठेल्यावर सगळ्यांना सांगत होता, बाहेरून नाही दिसत बाप्पा, आतून मी पैलवान आहो.

नंतर कळलं की डॉक्टरने त्याला दारू बंद करायला सांगितली आहे. तेवढा कागद त्याने मला दाखवला नाही. लोक अर्धंच सांगतात. मग डॉक्टरने तरी काय करावं.

तरी हा माझा पहिला यशस्वी अर्थ. वहीची छापील पुस्तिका काढता येईल. दवाखान्यात फुकट वाटायची.

डोकं जड. खाली वाकून बांधावर काम केल्यामुळे.

५ ऑगस्ट, रविवार
गावातल्या सुशिलाबाईने डॉक्टरची चिठ्ठी आणली. हायपरटेन्शन. डिक्शनरी उघडायचीही गरज पडली नाही. हायपर म्हणजे जास्त आणि टेन्शन तर आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. फार टेन्शन घेऊ नका, म्हणालो. ती म्हणाली, असं साधं सांगाले काय होते त्या डॉक्टरले? मंग गोळी कायले खाऊ, सुनेलेच माहेरी पाठवून देतो.

समाधान वाटलं. केवलराम मला आता डॉक्टरसाहेब म्हणतो. थट्टेने म्हणतो, पण म्हणतो.

१४ ऑगस्ट
सुशिलाबाई विहिरीवर चक्कर येऊन पडली. उजव्या हाताला प्लास्टर. उपकेंद्राच्या रविता सिस्टर टपालाच्या वेळी मला रस्त्यातच गाठून बोलल्या. हायपरटेन्शन म्हणजे रक्ताचा दाब वाढणं, भाऊ. टेन्शन असो नसो, गोळी रोज खावी लागते. तिची गोळी बंद करायला कोणी सांगितलं?

मी सांगितलं नव्हतं. मी फक्त अर्थ सांगितला होता.

मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, तुमचे डोळे लाल दिसून राहिले. डोकं दुखते का? या, मोजून देते. मी म्हणालो, वरच्या बांधीची रोवणी राहिली आहे, ती झाली की येतो. त्या म्हणाल्या, गावातली सगळी माणसं हेच सांगतात.

पुस्तिकेचा विचार पुढे ढकलला. वही फक्त घरापुरती ठेवावी.

२ सप्टेंबर, रविवार
रोवणी कधीच झाली. आता निंदण.

ऑर्थोप्निया. हा शब्द तीन ठिकाणी आहे. आडवं झालं की दम लागतो, उठून बसलं की बरं वाटतं.

प्रेमिला आषाढापासून धानाच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपायची. मी विचारलं होतं एकदा. अशीच झोप लागते म्हणाली. सवय असते एकेकाची. माझी आई हात डोक्याखाली घेतल्याशिवाय झोपत नसे.

हा शब्द वहीत घेतला नाही. फार अवघड आहे, दुर्गेश्वरीला कशाला.

७ ऑक्टोबर, रविवार
हलकं धान कापणीला आलं. शब्द बंद. कापणी झाली की रोज वीस.

निळ्या ओळी रोज एकदा पाहतो. पाहणं सोडलेलं नाही, हे महत्त्वाचं.

आज टिकारामची मनीऑर्डर दुधरामला देऊन आलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं. अक्षरं थोडी हलत होती. चष्म्याचा नंबर बदलला असेल. कापणी झाली की गोंदियाला जाऊन दाखवीन.

११ नोव्हेंबर, रविवार
दिवाळी झाली. वर्षाच्या आतली म्हणून आपण केली नाही. दुर्गेश्वरीने कोणाच्या तरी हाती अनारसे पाठवले. चिठ्ठी नव्हती. डब्याला लावलेला कागद उलटसुलट करून पाहिला, कोराच होता.

वहीत एकूण एकतीस शब्द. ठरवल्याप्रमाणे सातशेच्या वर व्हायला हवे होते. पण एकतीस निवडक आहेत. उरलेल्या तेरा दिवसांत रोज पन्नास केले तर हिशेब जवळपास बसतो.

१२ नोव्हेंबर
शून्य. डोकं.

२३ नोव्हेंबर
दुर्गेश्वरी दुपारच्या गाडीने आली. एकटीच. आल्या आल्या आईचा फोटो पुसला, चूल सारवली. मी वही टेबलावर तिला दिसेल अशी ठेवली. तिने ती उचलून खालचं टेबल पुसलं आणि परत ठेवली.

जेवताना मीच विषय काढला. म्हणालो, सगळं समजून घेतलं आहे, तीन ओळी तेवढ्या राहिल्या. दवाखान्याने काय चूक केली ते त्यात आहे. तिने घास परत ताटात ठेवला. मग म्हणाली, खरंच का बाबूजी? तिरोड्याला गेल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज असा आला. लहान असताना पोस्टातून येताना मी खिशात काही आणलं का विचारायची, तसा.

मी म्हणालो, खरंच.

२४ नोव्हेंबर
बरसी पार पडली. तीस पानं उठली. सुशिलाबाई प्लास्टर काढलेल्या हाताने जेवली आणि माझ्याशी बोलली नाही. केवलराम म्हणाला, डॉक्टरसाहेब, पोरगी तुमच्याशी बोलून राहिली, छान झालं. खरं आहे. तिने दोनदा भात वाढू का विचारलं.

संध्याकाळी माझं डोकं धरलेलं पाहून ती गोरेगावला मेडिकलमध्ये गोळी आणायला गेली. जाताना फाईल आणि वही पिशवीत घातली. म्हणाली, शालीकरामकाकाले दाखवतो, आज काय ते कळून जाऊ दे. मी नको म्हणणार होतो. पण नको म्हणायला कारण सुचलं नाही.

परत आली. गोळी दिली, पाणी दिलं. वही आतल्या खोलीत घेऊन गेली.

२५ नोव्हेंबर, रविवार
वहीत त्या तीन ओळींसाठी जागा कोरी ठेवली होती. तिथे आता दुर्गेश्वरीचं अक्षर आहे.

'नवऱ्याने सांगितले. होळीपासून दम लागतो, पाय सुजतात, रात्री बसून झोपते. लग्न झाले की दाखवू म्हटले, मग रोवणी झाली की, मग कापणी झाली की.'

शालीकरामने चष्मा न लावता वाचलं म्हणे. म्हणाला, अक्षर तर मोत्यावानी आहे, चैनलालले कसं नाही लागलं?

भरती करताना एक शिकाऊ पोरगी स्टुलावर बसून लिहीत होती. हातात निळा पेन. कब से है, एवढंच तिने विचारलं. तिने मान वर केली नाही, म्हणून मी सांगत गेलो. जन्मात कोणाशी एवढं एका दमात बोललो नसेन. तिने एकही शब्द गाळला नाही.

सकाळी दुर्गेश्वरीने विचारलं, बाबूजी, त्या अनोळखी पोरीले सांगितलं, मंग मले काऊन नाही सांगितलं? मी वर्षभर तुमच्या तोंडून हेच ऐकाले थांबली होती.

पिशवी भरता भरता तीच म्हणाली, माझं लग्न झालं की, असंही म्हटलं का तुम्ही? मग स्वतःच म्हणाली, म्हटलंच आहे, लिहिलं आहे तिथं.

चारच्या गाडीने गेली. फाट्यापर्यंत गेलो होतो. तिने खिडकीची काच लावून घेतली. बाहेर धूळ होती.

गाडी गेल्यावर दुसरं पान काढून पाहिलं. भिंगाशिवाय. सरळ, गोल, सुटं अक्षर. असा पत्ता असलेलं पाकीट नवा पोरगाही पोचवून आला असता.

३ डिसेंबर
आठ दिवस फोन नाही. लाईन खराब असावी. केवलरामच्या घरची चालू आहे, पण त्याचा खांब वेगळा.

सकाळी सायकलवर डोळ्यांपुढे अंधारी आली. टपालाची पिशवी खाली पडली, पाकिटं वेचायला लोक आले. त्यांनीच उपकेंद्रात नेऊन बसवलं. रविता सिस्टरने दंडाला पट्टा बांधून हवा भरली. काट्याकडे पाहिलं, परत भरली, परत पाहिलं. रजिस्टर ओढलं, पेन काढला.

चैनलालभाऊ, डोकं कधीपासून दुखून राहिलं?

मी म्हणालो, कालपासून.

त्यांनी तसंच लिहून घेतलं. अक्षर चांगलं आहे त्यांचं.