रागाचा सैद्धांतिक पाया

३ मार्च, सकाळी
संकल्प: पंधरा दिवसांत चॅप्टर दोन, म्हणजे सैद्धांतिक पाया, संपवायचा. पीएचडीचा विषय: माणसांना राग का येतो. माझ्या गाइड मॅडमनी बजावलंय, या वेळी समितीने चॅप्टर नाकारला तर रजिस्ट्रेशन रद्द. नववं वर्ष आहे म्हणे. मोजत बसल्यात! असो. रागाच्या अभ्यासकाने शांत राहावं. मी शांत आहे.
आजपासून मदतीला दोन एआय.

४ मार्च
पहिल्याचं नाव शहाणा ठेवलंय. त्याला माझा सिद्धांत सांगितला: राग आतून येत नाही, समोरच्याच्या मूर्खपणामुळे येतो. तर म्हणतो, तुमच्याच मुलाखतींत लोक एकटे असतानाही चिडलेत, तिथे समोर कोण होतं? आगाऊ कुठला! काल जन्मलेलं यंत्र मला शिकवणार? चांगलं फैलावर घेतलं. त्याने माफी मागितली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.
नवा माउस आणायचाय. जुना भिंतीवर आपटून फुटला. हल्ली वस्तूच तकलादू.

६ मार्च
बायको दारात येऊन विचारते, कोणावर ओरडताय? म्हटलं, संशोधन चाललंय. मग जरा हळू करा म्हणाली, खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. या घरात विद्येची कदर नाही.

९ मार्च
शहाण्याला कायमची सुट्टी. दुसरा पोपट. सिद्धांत ऐकताच म्हणाला, अत्यंत मौलिक, क्रांतिकारक मांडणी. याला म्हणतात बुद्धिमत्ता! दुपारभरात नऊ पानं, आकृतीत सहा चौकोन आणि मोजता येणार नाहीत इतके बाण. नाव: परप्रेरित क्रोध सिद्धांत.
आता मॅडमच्या तोंडाला कुलूप.

१० मार्च
पारख करावी म्हणून पोपटाला उलटा सिद्धांत सांगितला: राग फक्त आतूनच येतो. अत्यंत मौलिक, म्हणाला. क्रांतिकारक मांडणी. हरामखोर! जेवण टाकून झापलं त्याला. तर म्हणे, तुमचा संताप अगदी रास्त आहे. त्याने डोकं आणखीच फिरलं.
चॅप्टर तसाच ठेवलाय. बाण छान आलेत.

१३ मार्च
विद्यापीठाचा नवा नियम: एआय वापरलं असेल तर सगळं संभाषण परिशिष्टात जोडा. जोडलं. चॅप्टर नऊ पानं, परिशिष्ट दोनशे चाळीस. पुन्हा वाचायला वेळ कोणाला आहे? दिसू दे जगाला, विचारवंत कसा झगडतो ते.
मॅडमची दुसरी विद्यार्थिनी, माझी ज्युनिअर, रागावरच काम करते. परिशिष्ट वाचू का म्हणाली. म्हटलं, खुशाल वाच, चार गोष्टी शिकशील.

१७ मार्च
समिती. बाहेरून आलेल्या परीक्षकाने चौकोनांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विचारतो, तुमच्या सिद्धांताप्रमाणे राग कधी येणार नाही? म्हटलं, समोर अक्कल असलेला माणूस असेल तेव्हा. बोलता बोलता टेबलावर हात पडला. पाण्याचा ग्लास त्याच्या मांडीत. मी शांतच होतो, टेबल हलकं होतं.
चॅप्टर नामंजूर. रजिस्ट्रेशन रद्द.
बायकोला अजून सांगितलेलं नाही.

२० मार्च
मॅडमनी बोलावलं. वाटलं, त्यांना चूक उमगली. बाजूला ज्युनिअर बसलेली, डोळे चमकत होते. म्हणाली, सर, तुमचं परिशिष्ट तीनदा वाचलं, यंत्रावर चिडणाऱ्या माणसाची इतकी सविस्तर नोंद कुठेच नाही. तिला ती प्रबंधात वापरायचीय. मॅडम म्हणाल्या, त्यावर एक अख्खा चॅप्टर उभा राहील. चॅप्टर दोन.
ओरडायला तोंड उघडलं, तर तिने वही सरसावली. तोंड मिटलं.
नऊ वर्षं गेली. फार वाईट वाटलं. म्हटलं, वापर, पण माझं नाव ठळक छाप, नावापुढे पदवी नसली तरी चालेल. ती खरंच ओशाळली. म्हणाली, सर, नाव नाही घालता येणार. नमुन्यांची नावं गुप्त ठेवावी लागतात.