शून्याचा रंग

गोझो बेट, माल्टा,
जूनमधला पहिला रविवार

प्रिय नझरेना,

तुझे पत्र मिळाले. मात्र ते घ्यायला मला निळ्या मंडळात जावे लागले. पाकिटामागे तुझे माहेरचे आडनाव पाहून टपालवाल्याने ते परस्पर निळ्या बँड मंडळाच्या बारमध्ये नेऊन दिले. निळ्यांच्या त्या घराण्यातून वैऱ्याच्या लाल मंडळातल्या माणसाला पत्र येईल, हे त्या बिचाऱ्याला पटलेच नसावे. तुझा चुलतभाऊ साल्वू हल्ली तिथे कॉफी करतो. त्याने निरोप पाठवला आणि मी सकाळी, भर उजेडात, सगळ्या गल्लीच्या देखत तो उंबरा ओलांडला. जन्मात पहिल्यांदा. आत डॉमिनोच्या सोंगट्या हवेतच थांबल्या. साल्वू माझा जुना विद्यार्थी आहे, म्हणून मास्तर म्हणतो. पण त्यामुळे त्याची जीभ काही आवरत नाही. "मास्तर, पाय पुसून आत या," तो म्हणाला, "लाल धूळ आमच्या फरशीवरून निघत नाही."

पत्र मी तिथेच उभ्याने वाचले. तू लिहितेस की ऑगस्टमध्ये गावच्या उत्सवाला यावे की नाही, हा निर्णय तुला स्वतःला घ्यायचा नाही. मुले आपापल्या संसारात आहेत, तुझा नवरा डेव्हिड जाऊन तीन वर्षे झाली, तुला कोणी अडवत नाही आणि कोणी बोलावतही नाही. म्हणून हा निर्णय तू जुगाराच्या, रूलेटच्या चक्रावर सोपवला आहेस. निळा आला तर येणार, लाल आला तर मेलबर्नलाच राहणार. टोंबोला खेळणाऱ्या तुझ्या मैत्रिणींनी एक साइट दाखवली. तिथल्या रूलेटला माल्टाच्या उत्सवाचा साज आहे, नेहमीच्या लाल-काळ्याऐवजी लाल-निळा, आणि सरावाच्या फुकट खेळात तू निळ्यावर सोंगटी ठेवलीस की बहुतेक वेळा निळाच येतो. तुला शंका आली, हे तुझ्या बुद्धीला शोभणारेच आहे. शाळेतली मास्तरकी सोडल्यानंतरची माझी सारी नोकरी अशी चक्रे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली, हे तुला कोणीतरी सांगितले, आणि तू मला विचारलेस: खरोखर प्रामाणिक चक्र कोणते? ते एकदाच फिरवीन आणि ते सांगेल तसे वागेन, असे तू लिहितेस.

पावलिनाला मी हे सांगायला नको होते. माझी बहीण आजही लाल मंडळाचे झेंडे शिवते. सुई तोंडात धरूनही तिला बोलता येते. "चक्राला विचारणार म्हणे," ती म्हणाली, "तू मागणी घातलीस तेव्हा तिच्या बापाने निदान तोंडावर तरी नाही म्हटलं होतं."

असो. प्रश्न गंभीर आहे, आणि तू तो योग्य माणसाला विचारला आहेस. नीट समजावून सांगतो. तुला ठाऊकच आहे, मला याहून मोठा आनंद दुसरा नाही.

पहिली गोष्ट, साज आणि चक्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एका रूलेटमध्ये इजिप्तचे पिरॅमिड असतात, एकात समुद्रातले चाचे, एकात आपला उत्सव: आतषबाजी, बँडचे कूच, पालखीसारखी खांद्यावर चाललेली संताची मूर्ती. हा सगळा वरचा रंग. आतले चक्र साध्या रूलेटचेच असायला हवे: अठरा घरे एका रंगाची, अठरा दुसऱ्या रंगाची आणि एक घर शून्याचे. काही चक्रांवर शून्याची दोन घरे असतात. तिथे खेळणाऱ्याचे नुकसान जवळजवळ दुप्पट होते, तेव्हा ती वर्ज्य. आणि जिथे घर एकच आहे, तिथेही शून्य आले की दोन्ही रंग हरतात, आणि त्या एका घरामुळे दीर्घ काळात नेहमी कॅसिनोच जिंकतो. हे मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवले आणि नंतर कंपन्यांच्या अहवालांत लिहीत राहिलो. दर वेळी तितकाच थक्क होतो: केवढी प्रचंड उलाढाल, आणि सगळा डोलारा त्या एका लहानशा शून्यावर उभा. गोळीला मागची फेरी आठवत नाही. निळा दहा वेळा आला म्हणून पुढच्या खेपेस लालचा हक्क वाढत नाही. ती कोणाची बाजू घेत नाही, कोणावर रुसत नाही. आपल्या गावात असा एकही प्राणी मला आजवर भेटलेला नाही.

तू दिलेला पत्ता मी घरी येऊन उघडला आणि पहिल्याच चित्राला हसू फुटले. चर्चच्या दोन्ही मनोऱ्यांवरची घड्याळे एकच वेळ दाखवत होती. तू इथे असतीस तर तूही हसली असतीस. सैतानाला प्रार्थनेची खरी वेळ कळू नये म्हणून आपल्याकडे एक घड्याळ खोटे ठेवतात, हे इथल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक असते. आणि ही साइट तर छाती ठोकून सांगत होती की आम्ही अस्सल माल्टाचे. तरी चित्रकाराचे अज्ञान हा काही गुन्हा नव्हे. म्हणून मी दुसरी गोष्ट तपासली, आणि हीच तू तुझ्या सगळ्या मैत्रिणींना सांग. प्रत्येक साइटच्या तळाशी परवान्याचा शिक्का असतो. त्या शिक्क्यावर बोट दाबून समाधान मानायचे नाही, कारण शिक्का त्यांचा आणि तो जिथे नेतो ते पानही त्यांचेच असू शकते. परवाने देणाऱ्या सरकारी मंडळाचे पान आपण स्वतः वेगळे उघडायचे आणि तिथल्या यादीत साइटचा पत्ता, कंपनीचे नाव आणि परवान्याचा क्रमांक हे तिन्ही जुळतात का ते पाहायचे. या साइटचा क्रमांक खरा होता, पण भलत्याच एका कंपनीचा, आणि तिने परवाना केव्हाच परत केलेला.

तिसरी गोष्ट तुझ्या शंकेची. त्यासाठी दुसऱ्या दिवशी मला पुन्हा निळ्या मंडळात जावे लागले, कारण आदल्या सकाळी तुझे पत्र वाचताना मी मान वर केली, तेव्हा समोरच्या मोठ्या पडद्यावर तोच खेळ चालू होता. फुटबॉल दाखवायच्या पडद्यावर! तुमचे बाकीचे म्हातारे त्याच्यापुढे बसून सरावाच्या खेळात निळ्यावर सोंगट्या लावत होते आणि निळा आला की ग्लास उंचावत होते. मंडळाच्या नावाने खरे पैसे भरायचा ठरावही रविवारच्या सभेपुढे येणार होता. दुसऱ्या दिवशी गेल्या गेल्या मी म्हटले की ही साइट खोटी आहे. साल्वू म्हणाला, "निळा येतोय म्हणून पोटात दुखतंय, मास्तर. तिकडे तुमच्या मंडळात काय लाल येतोय का?"

इथेच मला सगळे उलगडले, नझरेना. मी विचारले की तुमच्यापैकी लालवर कोणी कधी सोंगटी ठेवून पाहिली आहे का. प्रश्नच असभ्य होता. निळ्या मंडळातला माणूस लाल टोमॅटोसुद्धा उत्सवाच्या आठवड्यात चिरून झाकून ठेवतो. तो लालवर सोंगटी ठेवील? मी साल्वूला म्हटले की फुकटचा खेळ आहे, एकदा ठेव. त्याने हात पाठीमागे नेले. "आमचे आबा स्वर्गातून बघतायत, मास्तर. लालवर बोट ठेवायचं नाही. खोटंखोटंसुद्धा नाही."

मग मीच ठेवले. त्या खोलीत, ढोल घेतलेल्या तुझ्या वडिलांच्या तसबिरीखाली उभा राहून, मी लालवर सोंगटी ठेवली. लाल आला. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. मग खेळ असा रंगला की मध्येच एखादा निळा येई आणि पुन्हा लालच लाल. खुर्च्या सरकू लागल्या. शेवटी साल्वूने माझ्या हातातून खेळ काढून घेतला, निळ्यावर ठेवली आणि निळा आला. त्याने पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि फार हळू म्हणाला, "म्हणजे हा मेला दोन्ही मंडळांची वर्गणी खातोय."

अगदी नेमके. ज्या रंगावर तुम्ही बोट ठेवाल तोच रंग सरावात पुष्कळदा आणून द्यायचा, खेळणाऱ्याचा विश्वास बसवायचा आणि मग खरे पैसे भरायला लावायचे. ही लबाडी उघडी पाडायला दोन रंग लावून पाहणारा माणूस हवा, आणि तेवढेच आपल्या गावात कोणाला जमत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत इतका सुंदर प्रयोग मला करायला मिळाला नव्हता. पडदा बंद झाला, ठराव मागे पडला, आणि साल्वूने माझ्यापुढे चीज भरलेली गरम, खुसखुशीत पास्तिझ्झी ठेवली. पैसे घेतले नाहीत. एवढेच म्हणाला की उंबरा ओलांडायला मास्तरांना निमित्त बरे सापडले.

बाहेर पडताना मी वर पाहिले. निळ्या मंडळाची ती गच्ची. तू एकोणीस वर्षांची होतीस आणि मी लाल बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत त्याच गल्लीतून चाललो होतो. गच्चीवरून तुमच्या लोकांचे निळे कागद उधळत होते, समोरून आमचे लाल. आणि त्या दोन्हींच्या मधून, फक्त माझ्या डोक्यावर, हिरव्या कागदाचे तुकडे पडले. तुझ्या वडिलांच्या दुकानात संत्री ज्या हिरव्या कागदात गुंडाळून येत, ते तू कापून आणले होतेस. हा कोणत्या मंडळाचा रंग यावर दोन्हीकडचे लोक आठवडाभर वाद घालत होते. त्यातला एक तुकडा क्लॅरिनेटच्या तोंडात गेला होता. त्या दिवशीच्या कूचातला माझा शेवटचा सूर सगळ्या गावाला चुकलेला वाटला. मला तो आजही चुकलेला वाटत नाही. पुढच्या वसंतात तुझ्या वडिलांनी दुकान विकले आणि तुम्ही सगळे मेलबर्नला गेलात.

विषयांतर झाले, मास्तर लोकांचे होते. चांगल्या साइटविषयी राहिलेले सांगून टाकतो. चांगली साइट तू कोण आणि किती वयाची हे आधीच विचारते, आणि जिंकलेले पैसे मागितले की नवनवी कागदपत्रे मागत बसत नाही. बोनसच्या अटी ती ठळक लिहिते. त्या वाचूनही कळल्या नाहीत तर दोष तुझ्या डोक्याचा नाही, बोनसला हात लावू नये एवढेच. महिन्याला किती पैसे आणि दिवसाला किती वेळ, ही मर्यादा ती तुला स्वतःला घालू देते, आणि ती खेळायला बसण्यापूर्वी घालायची असते, कारण खेळ सुरू झाल्यावर आपल्या सगळ्यांचे गणित कच्चे होते. गेलेले परत मिळवायला कधी खेळायचे नाही. सिनेमाच्या तिकिटाइतकी रक्कम, गेली तर हसू येईल एवढीच, आणि सोबत मैत्रिणी असल्या तर उत्तम. एवढे पाळलेस तर गोळी फिरतानाचा तो छोटासा ठोका अगदी मनमुराद अनुभव. मलाही तो फार आवडतो.

आता तुझा मुख्य प्रश्न: तुझ्यासाठी प्रामाणिक चक्र कोणते? मी तीन दिवस शोधले आणि उत्तर इतके सुरेख निघाले की मी खुर्चीतून उठून सज्ज्यात फेऱ्या मारल्या. तुमच्या ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानुसार तिथल्या माणसाला इंटरनेटवर रूलेट खेळवायला बंदी आहे. म्हणजे जी साइट खरोखर प्रामाणिक आहे, ती तू मेलबर्नहून आलेली पाहताच तुला दारातूनच नम्रपणे परत पाठवील. तिथे जी तुला आत घेईल, ती त्याच एका कारणाने अप्रामाणिक ठरली. तेव्हा यावे की नाही हे इंटरनेटवरच्या खऱ्या चक्राला विचारायचे असेल, तर आधी इथे यावे लागेल. मी हे सगळ्या बाजूंनी तपासले. यातून पळवाट नाही.

आणि आणखी एक. त्या खोट्या चक्राने तुला निळा दाखवला, कारण तू निळ्यावर बोट ठेवले होतेस. निळा म्हणजे 'ये' हेही तूच ठरवले होतेस. चक्र लबाड होते, नझरेना, पण बोट तुझे होते.

तू मागितलेला सल्ला एका ओळीत देता आला असता: साइट खोटी आहे, बंद कर. बाकीचे हे सारे पत्र मी एका शब्दासाठी लिहिले, जो कोणीतरी म्हणावा असे तू लिहिले नाहीस, पण मला वाचता आले. निळा आला तर काय आणि लाल आला तर काय, हे तू लिहिलेस. शून्य आले तर काय, ते लिहायला विसरलीस. त्या चक्रावरचे शून्य हिरवे असते. त्याच्यावर कोणाचाच झेंडा नाही. गुरुवारी मी रंगारी बोलावला आणि आमच्या घराचा काचबंद लाकडी सज्जा, जो माझ्या आजोबांपासून लाल होता, तो हिरवा रंगवून घेतला. खाली दोन्ही मंडळांची माणसे उभी राहून माना वर करून पाहत होती. साल्वूने तर आपली शिडीच आणून दिली. पावलिनाने विचारले की हा कोणाचा रंग, मी म्हटले शून्याचा, आणि ती आत गेली. काल सकाळी उठलो, तर सज्ज्याच्या काचा लख्ख पुसलेल्या होत्या आणि माझ्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडलेली होती. धूळ फार बसते म्हणून पुसल्या, असे ती म्हणते. खुर्चीबद्दल ती काही बोलत नाही. ऑगस्टमध्ये दोन्ही बँड इथूनच जातात. नझरेना, ये.

तुझाच,
एव्हारिस्ट