दोघींची मशीन

६ जानेवारी १९५७, सावली
सासूबाईंच्या बोटात आज पुन्हा सुई गेली. पाटलिणीच्या गोधडीवर रक्ताचा ठिपका. गार पाण्याने मीच काढला. शाळेत शिकवायला जाण्याआधी रोज दहा सुया ओवून ठेवते, त्या त्यांना दुपारपर्यंत पुरतात. आता सुईचं नेढं सोडाच, घातलेली टाक्यांची ओळही दिसत नाही. दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. उसवून मी घातल्या. माझ्या त्याहून वाकड्या. बाईंनी बोट फिरवून पाहिलं. म्हणाल्या, नाचता येत नाई तं आंगन वाकडं. एरवी हे म्हणताना हसतात. आज हसल्या नाहीत.

९ जानेवारी
डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवाळीत जे सांगितलं ते मी बाईंना अर्धंच सांगितलं होतं. नस सुकत चालली, इलाज नाही. मला वाटलं लपलं. आज स्वतःच म्हणाल्या की पावसाळ्यापर्यंत सगळं जाईल, त्याच्या आत वामनची गोधडी झाली पाहिजे.
ह्यांचं नाव त्यांच्या तोंडून किती दिवसांनी ऐकलं. तीन वर्षं होत आली तापात गेले त्याला.
ट्रंकेत ह्यांची दोन धोतरं, तीन सदरे, एक कोट. गोधडीत जायचं कापड आधी धुवावं लागतं आणि बाई धुऊ देत नाहीत. धुतलं की अंगाचा वास जातो. म्हणून दर थंडीत, पुढच्या थंडीत पाहू. मीही कधी जोर केला नाही.
पण शिवणार कोण? त्यांना दिसत नाही, मला येत नाही.

१६ जानेवारी
गोविंदभाऊ टेलरांनी नवी पायमशीन घेतली, जुनी हातमशीन विकायची आहे. महिनाभर वापरून पाहा म्हणाले, मग सांगा. बैलगाडीतून आणून ओट्यावर ठेवून गेले. शिकवलं तेवढं: टाका सगळ्यात लांब ठेवायचा, म्हणजे पुढे गोधडी उसवून धुता येते. जाड थर असेल तर सुई मोठी. आणि गोधडीचा गुंडाळा मशीनच्या मानेखालून गेला पाहिजे. जातो, कसाबसा.
एकटीने करून पाहिलं. उजवा हात चाकावर, डावा कापडावर. सदरा शिवायला ठीक. गोधडी जड, एका हाताला ऐकत नाही, घसरते.

१९ जानेवारी
जमलं.
शाळा सुटल्यावर मी चाक धरलं, बाई समोर बसल्या, दोन्ही हात कापडावर. डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, उघडे ठेवून तरी का फायदा. मागच्या ओळीवर अंगठा ठेवून त्याच्या अंदाजाने पुढे सरकवत गेल्या. ओळ सरळ आली. हाताच्या टाक्यापेक्षा सरळ. मी जोरात फिरवलं की ओरडतात, हळू फिरवलं की टोमणा: "शाळेत पोरीले धाक दावते, अन् चाकाले भेते काऊन?"
पाटलिणीची गोधडी दोन दिवसांत होईल. जेवताना बाई पोटभर जेवल्या. आमच्या घरात असं किती दिवसांनी.

२७ जानेवारी
मी ठरवूनच टाकलं होतं की हातमशीनच घ्यायची. बाईंनी आज खोडा घातला. पायमशीन पाहिजे म्हणे, चांद्याहून, नवी.
मी समजावलं की पायमशीनला दुसरं माणूस लागत नाही. पाय चाक फिरवतो, दोन्ही हात मोकळे, सगळं मीच करणार. मग तुम्ही काय करणार?
"म्हनूनच तं म्हनून राह्यली," म्हणाल्या. "हे मशीन दोघींचं हाये. मी नसन तवा कपडा कोन धरन?"
मला राग आला. असं बोलायचं नाही म्हटलं, ताट आपटलं, निघून मागच्या अंगणात गेले. तिथे करायचं काही नव्हतं. तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घातलं.

३ फेब्रुवारी
चांदा. सकाळच्या मोटारीने गेलो, आत्ता दिवेलागणीला परत. आजच लिहून ठेवते.
बाजारात दुकान मोठं. दुकानदार चांगला माणूस. पायमशीन दाखवली, लांब मानेची, गुंडाळा सहज मावेल अशी. म्हणाला, चालवून पाहा, कापड आणलं आहे का? मी पिशवीतून जुन्या लुगड्याची घडी काढत होते, तेवढ्यात बाईंनी पदराखालून ह्यांचा सदरा काढला. न धुतलेला. ट्रंकेतून कधी घेतला देव जाणे. नव्या मशीनचा पहिला टाका वामनच्या कापडावर पडावा, असं त्यांच्या मनात.
मी थांबवू शकले असते. थांबवलं नाही. मलाही तेच हवं होतं.
चार-सहा टाके पडले आणि सुईच्या मागून काळं तेल. सदऱ्याच्या छातीवर तळहाताएवढा डाग. दुकानदार हळहळला. म्हणाला, नव्या मशीनला तेल जास्त असतं, आधी चिंधी चालवायची असते, बाई, हे तर सगळ्यांना माहीत असतं.
आम्हाला कुठून माहीत? बाईंचा जन्म हाताच्या सुईत गेला. सुईतून कधी तेल गळतं?
बाईंना डाग दिसला नाही. त्यांनी सदरा उचलून नाकाशी धरला. मग खाली ठेवला. परत उचलला.
दुकानात पत्ता लिहून दिला आणि मशीन न घेताच निघालो. वाटेत मूल गावाला मोटार थांबली तेव्हा बाई म्हणाल्या, "गेला वं."
त्यांचा हात धरायला पाहिजे होता. धरला नाही.

५ फेब्रु.
दोन दिवस घरात भांड्यांचेच आवाज. सोडा, रिठे, राख, सगळं करून पाहिलं. डाग फिका झाला, गेला नाही. तेलाचा वासही गेला, आणि त्याच्याबरोबर दुसराही.
इथे लिहिते, कारण कुणाला सांगणार नाही. बाई देवळात गेल्या की मीही ती ट्रंक उघडायची. त्याच सदऱ्यात तोंड घालून बसायची. धुवायचा जोर मी करत नव्हते ते त्यांच्यासाठी नाही.

१० फेब्रु.
बाई म्हणाल्या, आता बाकीचे ठेवून काय करायचं, सारेच धू. सगळं तलावावर नेलं. बाई काठावर बसल्या. मी एकेक कापड आपटत होते आणि त्या विचारत होत्या, आता कोणतं? धोतर. आता? कोट. कोटाला हळू आपट म्हणाल्या.
रडले मी. पाण्यात उभी होते, कुणाला कळलं नसेल.

१४ फेब्रु.
गोधडी मांडली. पोटात ह्यांचे कपडे, खालीवर बाईंचं जुनं हिरवं लुगडं. डागाचा सदरा मधोमध, त्यांनीच चाचपून ठेवला. मोठ्या टाक्यांनी चारी बाजू धरून घेतल्या.
मशीन अजून हातमशीनच, गो.भाऊंची. मी चाकावर, बाई कापडावर. बारा ओळी झाल्या. मध्येच विचारतात, "वामन आला काय खाली?" म्हणजे सदऱ्याची जागा. नाही म्हणते. आली की सांगते.

२१ फेब्रु.
अर्धी झाली. चांद्याच्या दुकानदाराचं कार्ड आलं, लांब मानेची एकच उरली, हवी असेल तर कळवा. गो.भाऊंचाही महिना सरला, त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे, परवा उत्तर मागायला येतात. दोन्ही एकदमच यायचं होतं.
बाईंना काल कोपऱ्यातला दिवाही दिसला नाही. लावला का म्हणून विचारत होत्या. मी लावलेला होता.

२२ फेब्रु.
दुपारी शिवायला बसलो. पाच ओळी झाल्यावर बाईंनी कापडावरून हात काढून घेतले. मला वाटलं दुखले असतील. नाही म्हणाल्या.
"आता तू एकलीच शिव. मी आयकतो."
कशाला, आपण दोघी आहोत ना, म्हटलं. त्या हलल्या नाहीत. भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. किती वेळ वाट पाहिली मी. शेवटी उजव्या हाताने चाक धरलं, डाव्याने गोधडी. मान वाकडी करून, दातांत ओठ धरून एक ओळ घातली. हात भरून आला. गोधडी घसरली, सावरली, परत घसरली. इकडून तिकडे पोचायला चारपट वेळ लागला, आणि ओळ दोन ठिकाणी वाकडी.
बाई सरकत आल्या. ओळ कुठे संपते ते विचारलं, मी त्यांचा हात तिथे नेऊन ठेवला. बोट हळूहळू मागे नेऊ लागल्या.
गो.भाऊंना काय सांगायचं ते ठरलेलं नाही. कार्डाचं उत्तरही लिहिलेलं नाही.
"सरळ गेली काय वं?"
हो म्हटलं. अगदी सरळ. त्यांचं बोट त्या ओळीवरच होतं.