सुनेचा रविवार

रविवार, दिवेलागण, जत

रोजनिशी म्हणे आठवणीसाठी असते, आणि ती लिहून घेणारी माझी नात तारीखच विसरून बसलीय. असू दे, रविवार हाय एवढं पुरे.

आज चर्चमधल्या उपासनेत पाळकसाहेब विसाव्याच्या दिवसावर बोलत होते, आणि सून माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी कोपरानं ढोसलं. म्हणाली, "आवं आई, पहाटेपासनं भाकऱ्या थापतीय. दुपारी वन्सं यायच्या हायत न्हवं?"

व्हय की. मग देवानं सुट्टी दिली ती नेमकी कुणाला? आमी प्रार्थना करून ताटावर, ती आपली चुलीपाशी, माझ्या लेकीनं सांगलीहून आणलेलं मटण शिजवत. खांदा अजून जड वाटतोय. झोपू द्यायची होती तिला.

पोरी, सांगलीला आत्याला फोन लाव. म्हणावं, पुढच्या खेपेला कच्चं मटण नको. शनिवारीच रस्सा शिजवून तुज्या मालकांबरोबर धाड, भाकऱ्यांसकट.