फक्त बघायला

मेडनहेड, इंग्लंड,
जून २००६

प्रिय सुश्रुत,

तुझा फोटो मिळाला. सगळीकडे लाल माती, आणि टोपीखाली तुझे दात तेवढे दिसतायत. आईला नागपूरला फोनवर वर्णन करून सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, ऑस्ट्रेलियात त्याला पोटभर जेवायला मिळतं का. इकडे म्हणे उन्हाळा आहे. मी कार्डिगन घालूनच ऑफिसला जाते.

रविवारी तू फोनवर सांगितलेली गोष्ट मी इथे आपल्याच कंपनीच्या ऑफिसात कौतुकानं सगळ्यांना ऐकवली. तिथल्या मूळ रहिवाशांतल्या त्या आजींनी तुला नातू मानलं आणि विचारलं, तुमची कंपनी आमच्या जमिनीवर येऊन नक्की करणार काय? तेव्हा तू त्यांना आपले कांदेपोहे सांगितलेस. मुलगी बघायला येतात, पोहे खातात, चार प्रश्न विचारतात, होकार-नकार नंतर. तसंच आम्हीही फक्त बघायला येतोय, चार बोअर मारून माती तपासू. खाण काढायची ठरली तर पुन्हा विचारू, तेव्हा खुशाल नाही म्हणा. सगळे खूप हसले, म्हणालास. माझा भाऊ बोलण्यात कुणाला ऐकायचा नाही, असं मी मिरवलं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लीगलमधल्या हरीशनं मला बाजूला घेतलं. वेम्बलीत वाढलेला मुलगा, मराठी अडखळत बोलतो, पण हे त्यानं मुद्दाम मराठीत सांगितलं. तिथल्या कायद्यात नाही म्हणायची संधी एकदाच, आत्ता, शोधाची परवानगी मागतात तेव्हा. नाही म्हटलं तर कंपनीला काही वर्षं परत तोंड दाखवता येत नाही. पण एकदा हो म्हटलं, की पुढे खाणीला नकार देता येत नाही, फक्त अटींवर बोलायचं. मला खरंच वाटेना. पुन्हा पुन्हा विचारलं त्याला. अरे, म्हणजे पोहे पुढे केले की लग्न लागलंच! असं कुठे असतं का?

मी तडक बॉसकडे गेले. वाटलं, त्याला माहीत नसेल, तुझ्याकडून चुकून झालंय, तुला लगेच कळवायला हवं. तो हसला. त्याला सगळं माहीत होतं. म्हणाला, गोष्ट फार गोड आहे, लोकांना पटते, त्या लोकांची होकार-नकाराची सभा होईपर्यंत तुझ्या भावाला उगाच गोंधळात टाकू नकोस. इतकी वर्षं मी या माणसाला सज्जन समजत होते.

हरीश म्हणतो, सभेत लँड कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्याच जमीन-मंडळाचे, वकील कायदा समजावून सांगतीलच. सांगू देत. पण तासभर कायदा ऐकल्यावर माणूस शेवटी ओळखीच्या चेहऱ्याकडेच बघतो, आणि तिथे ओळखीचा चेहरा तुझा आहे.

तुझा फोन लागत नाही आणि ऑफिसच्या ईमेलवर हे लिहायची माझी छाती नाही. माझी मैत्रीण शशी उद्या तुझ्या बाजूला, डार्विनला निघतेय, तिच्याबरोबर हे पत्र पाठवतेय. सभेआधी त्या आजींकडे जा आणि खरं काय ते सांग. आपल्या दोघांच्या नोकऱ्या जातील, माझा व्हिसाही जाईल. माझं रडून झालंय. त्यांनी हो म्हणावं की नाही, ते त्यांचं त्या बघतील. पण आत्ता त्या कंपनीला हो म्हणत नाहीयेत, सुश्रुत. नातवाला म्हणतायत.

तुझीच,
निवेदिताताई